व्हिलन कोण, ते पोरांना ठरवू द्या!

मुळशीत एनएसएसचा कॅम्प लागला आणि ‘मुलांना जरा इंग्रजी शिकवा’ असं काम तुमच्या गळ्यात पडलं, तर खडू हातात घेण्याआधी हे वाचा. सुपरहिरो आणि व्हिलन यांच्या जोडीनं इंग्रजीची भीती कशी मोडायची, त्याची ही सात दिवसांची रेसिपी.

कॅम्पचं वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी जेवण, त्यानंतर बौद्धिक, संध्याकाळी पथनाट्य. या सगळ्याच्या मधे कुठंतरी दीड तासाची एक फट असते. सर तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘तू आणि तू, शाळेत जा. पोरांना इंग्रजी शिकवा.’’

तुम्ही जाता. समोर पाचवी ते सातवीची तीस-पस्तीस पोरं मांडी घालून बसलेली. तुम्ही विचारता, ‘‘व्हॉट इज युवर नेम?’’ सगळे एका सुरात उत्तर देतात. मग ‘‘हाऊ आर यू?’’ त्यालाही एका सुरात ‘‘आय ॲम फाइन, थँक्यू.’’ पाच मिनिटांत तुमचा सिलॅबस संपतो. फळ्यावर ‘ए फॉर ॲपल’ लिहायची लाज वाटते, कारण ते त्यांना येतं. आणि ‘माय बेस्ट फ्रेंड’वर पाच वाक्यं लिहा म्हणालात, तर सगळ्यांच्या वहीत गाइडमधला एकच बेस्ट फ्रेंड उतरतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या सातवीतल्या मुलीनं सहा वर्षं इंग्रजी वाचलंय, लिहिलंय, घोकलंय. तिला शब्द कमी येतात असं नाही. त्या शब्दांनी स्वतःचं काही सांगायची वेळच तिच्यावर आलेली नसते. पुस्तकातल्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं. मग खरं बोलायचं तरी काय?

कॅन फ्लाय, कान्ट स्विम

आता हे करून बघा. फळ्यावर एक माणूस काढा. वाईट काढलात तर उत्तम, पोरं हसतील. सांगा, हा सुपरहिरो आहे, पण याला अजून नाव नाही, ताकद नाही, कमजोरी नाही, दुश्मनही नाही. सगळं तुम्ही द्यायचं.

पहिला प्रश्न ताकदीचा. हा काय करू शकतो? इथं इंग्रजीतला सगळ्यात गुणी शब्द आपल्या मदतीला येतो : कॅन. ‘आय गो, शी गोज’मध्ये पोरं अडकतात, कारण ‘शी’ आला की क्रियापदाला शेपूट लावायचं लक्षात राहत नाही. ‘कॅन’ला ही भानगड नाही. आय कॅन फ्लाय, शी कॅन फ्लाय, माय आजी कॅन फ्लाय. कर्ता कुणीही असो, वाक्य चुकत नाही. पहिल्या दहा मिनिटांत वर्गातल्या प्रत्येकाचं एक बिनचूक इंग्रजी वाक्य तयार होतं, आणि तेही स्वतःचं.

फक्त शब्दांची जागा दाखवायला विसरू नका. मराठीत ‘ती उडू शकते’, ‘शकते’ शेवटी. इंग्रजीत तेच ‘शकते’ उडी मारून मधे येतं. तीन पोरांना तीन शब्दांचे कागद देऊन उभं करा. मराठी वाक्य म्हणा, मग ‘इंग्लिश!’ असं ओरडा. ‘शकते’वाल्यानं धावत मधे यायचं. व्याकरणाचा तास झालाय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरा प्रश्न कमजोरीचा, आणि गोष्ट खरी इथं जन्मते. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, पण त्याला लोळवणारा क्रिप्टोनाइट आला १९४३ मध्ये, तोही आधी रेडिओच्या मालिकेत. जो कधीच हरू शकत नाही, त्याची काळजी कुणी किती दिवस करणार? आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू १९९३ पासून तीन पिढ्यांना घाबरवतोय, पण त्याला कुठं गोळी मारायची हे माहीत असतं म्हणूनच शेवट श्वास रोखून बघतो. पोरांना विचारा, तुमच्या हिरोचा ‘दोन भुवयांच्या मधला’ तो पॉइंट कोणता? की ‘कान्ट’ आणि ‘बट’ आपोआप येतात. शी कॅन फ्लाय, बट शी कान्ट स्विम. ही इज स्ट्राँग, बट ही इज अफ्रेड ऑफ लिझर्ड्‌स.

तिसरा प्रश्न, ही ताकद आली कुठून? इथं भूतकाळ आला. वन डे शी फाउंड, शी फेल, शी ड्रँक. चौथा प्रश्न, दुश्मनाला काय हवंय आणि का? इथं ‘वॉन्ट्‌स टू’ आणि ‘बिकॉज’. पाचवा, दोघं समोरासमोर आले तर? इथं ‘इफ’ आणि ‘विल’. पाच प्रश्नांत शाळेच्या व्याकरणाचा बराच मोठा तुकडा वापरून होतो, आणि एकदाही ‘टेन्स’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

‘अ’ आणि ‘द’ची गंमत तर गोष्टीशिवाय समजतच नाही. मराठीत आर्टिकल नाही, असं आपल्याला शाळेत सांगतात. पण आपली प्रत्येक गोष्ट कशी सुरू होते? एक होती चिमणी. नंतर आपण ‘एक चिमणी’ म्हणत नाही, ‘ती चिमणी’ म्हणतो. पहिल्यांदा भेटली तेव्हा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘ती’. ‘अ स्पॅरो’ आणि ‘द स्पॅरो’चं काम बरचसं असंच चालतं. हे सगळं आपल्या आज्यांना न शिकता येत होतं.

केप कशाला, इरलं आहे की!

पहिल्या दिवशी तुम्हाला स्पायडरमॅन मिळतील. दहा तरी. दोन छोटा भीम, एक शक्तिमान, कारण वडिलांनी सांगितलेला. चिडू नका. नक्कल ही सुरुवात असते. जगानंही तेच केलं. २००४ मध्ये ‘स्पायडरमॅन : इंडिया’ नावाची कॉमिक आली. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, न्यूयॉर्कची झाली मुंबई, आणि कोळी चावण्याऐवजी ताकद मिळाली एका योग्याकडून. पोशाखात चक्क धोतर. २०२३ मध्ये हाच पवित्र हॉलिवूडच्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये झळकला आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या. त्याच्याही आधी इंद्रजाल कॉमिक्सनं फँटमचा ‘वेताळ’ करून टाकला होता.

म्हणून पोरांना एवढंच म्हणा, ‘‘तुझा स्पायडरमॅन ताम्हिणीत राहतो. आता सांग.’’ मग बघा काय होतं. ताम्हिणीत उंच बिल्डिंगा नाहीत, तो जाळं टाकणार कशावर? पावसात जाळं टिकणार कसं? मग हळूहळू तो कोळी राहत नाही. शेकरू होतो, झाडावरून झाडावर झेपावणारा. काजवा होतो. खेकडा होतो, ज्याला सरळ चालताच येत नाही आणि तीच त्याची ताकद.

एक नमुना मी इथं तयार करून देते. तुमच्या वर्गात याहून भारी निघेल.

हिरॉइनचं नाव ‘इरलंवाली’. भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते इरलं हीच तिची केप. तिची ताकद : इरलं उघडलं की त्याखाली हवी तेवढी माणसं मावतात. कमजोरी : उन्हाळ्यात इरलं वाळतं, तडकतं, आणि ती साधी मुलगी होते. व्हिलनचं नाव ‘कुंपण्या’. तो ज्या जागेभोवती तार ओढतो, ती जागा स्वतःचं नाव विसरते. ओढा ओढ्याचं नाव विसरतो, टेकडी टेकडीचं. लोक घरी परत निघतात आणि त्यांना रस्ता सापडत नाही.

आता ‘इरलं’ला इंग्रजीत काय म्हणायचं? शब्द नाही. हा प्रॉब्लेम नाही, लॉटरी आहे! इट इज लाइक अ रेनकोट, बट इट इज मेड ऑफ लीव्ह्‌ज अँड बांबू. यू वेअर इट ऑन युवर हेड अँड बॅक. सहावीतली मुलगी हे तुम्हाला समजावून सांगतेय, आणि तुम्ही कोथरूडमध्ये वाढलेले असल्यामुळे तुम्हाला खरंच माहीत नाही. गाइडमधल्या बेस्ट फ्रेंडपेक्षा हे संभाषण वेगळं आहे, कारण इथं तिच्याकडे माहिती आहे आणि तुम्हाला ती हवी आहे. भाषा अशाच गरजेतून तोंडात बसते.

भीतीचं फाटक

स्टीफन क्रॅशन नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ आहेत. त्यांच्या सगळ्याच मतांशी सगळे सहमत नाहीत, पण त्यांची एक कल्पना तुम्हाला लगेच पटेल. ते म्हणतात, माणूस घाबरलेला असेल, त्याला लाज वाटत असेल, तर भाषा कानावर पडते पण आत जात नाही. मधे एक गाळणी बसते. मराठी मीडियममधून एफवायला आलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या प्रेझेंटेशनला ही गाळणी कशी घट्ट बसते ते.

सुपरहिरोचा खरा उपयोग इथं आहे. चूक झाली तर ती मुलीची नसते, इरलंवालीची असते. मुखवट्याआडून बोलणं सोपं जातं. तसंही सुपरहिरो म्हणजे दोन ओळखी घेऊन जगणारा माणूस. घरी एक, बाहेर एक. सुपरमॅन ज्यांनी जन्माला घातला, ते जेरी सीगल आणि जो शूस्टर स्थलांतरित ज्यू घरांतले, आणि तो छापून आला तेव्हा तेविशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. दुसऱ्या ग्रहावरून आलेला, चष्म्यामागे खरं रूप लपवणारा, इथलाच असल्यासारखं वागायला शिकलेला हिरो त्यांना सुचला, यात फार नवल नाही. घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी असं जगणाऱ्याला तो लगेच कळतो.

म्हणून दोन पथ्यं पाळा. मूल ‘शी गोड’ म्हणालं, तर मान हलवून ‘‘ओह, शी वेन्ट? देन?’’ एवढंच म्हणा. बरोबर रूप कानावर पडलं, गोष्ट थांबली नाही. लाल पेन कॅम्पला नेऊच नका. आणि मराठीला वर्गाबाहेर काढू नका. गोष्ट मराठीत सुचू द्या, भांडू द्या, मग तिच्यातली चार वाक्यं इंग्रजीत आणा. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सहा.

व्हिलन काळाच का?

हिरोपेक्षा व्हिलनच्या तासाला जास्त जपा, कारण तिथं घोळ होतात. व्हिलन काढा म्हटलं की पोरं काळा, जाडा, लंगडा, दात पुढं आलेला माणूस काढतात. सिनेमानं हेच शिकवलंय. काही वेळा तो चेहरा वर्गातल्याच कुणाचा तरी असतो, आणि सगळे त्याच्याकडे बघून हसायला लागतात. तुमचा दीड तास त्या एका पोरासाठी वर्षभराचा त्रास होऊ शकतो.

म्हणून नियम सुरुवातीलाच सांगा. वर्गातलं, गावातलं खरं माणूस व्हिलन करायचं नाही. आणि व्हिलन दिसण्यावरून ठरवायचा नाही, त्याला काय हवंय यावरून ठरवायचा. फळ्यावर फक्त एक अर्धं वाक्य लिहा : ही वॉन्ट्‌स... बिकॉज...

कुंपण्याला सगळीकडे तार का ओढायची असते? एक उत्तर असं देता येईल : कारण तो लहान असताना त्याच्या आजोबांचं घर पाण्याखाली गेलं. तेव्हापासून त्याला वाटतं, ज्याला कुंपण नाही ते हरवतं. झालं, व्हिलन माणूस झाला. आता इरलंवालीनं त्याला ठोसा मारून चालणार नाही.

हे पाणी मी हवेतून आणलेलं नाही. तुमचा कॅम्प ज्या तालुक्यात आहे, तिथं शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट घडलीय. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं आणि घरं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बाया होत्या, म्हातारे होते. पुढं १९२४ पर्यंत लढा चालला. त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट, जे याच लढ्यामुळे ‘सेनापती बापट’ झाले. धरणांविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये याची गणना होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी यावर इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलंय.

बापटांची ओरिजिन स्टोरी तर कुठल्याही कॉमिकला लाजवेल. पारनेरचा मुलगा शिष्यवृत्तीवर एडिंबराला जातो, ब्रिटिशांविरुद्ध बोलल्यामुळे ती गमावतो, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवतो, परत येतो आणि हातात झाडू घेऊन रस्ते झाडतो. केप नाही, झाडू. कमजोरी विचाराल, तर आपलेच सोबती गळत चालले तरी मागं हटता न येणं. शेवटच्या टप्प्यात धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि अनेक वर्षांचा तुरुंगवास पत्करला.

आणि हिरो हरला. धरण झालं. १९२७ पासून त्याचं पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पडतंय.

ही गोष्ट पोरांना सांगा आणि विचारा, यात व्हिलन कोण? सोपं उत्तर मिळणार नाही. कुणी म्हणेल कंपनी. कुणी म्हणेल, पण वीज तर लागतेच ना, दादा? कुणी म्हणेल, त्या वेळचं सरकार, कारण जमीन घ्यायचा कायदा त्यांचा. एखादं पोरगं गप्प बसेल, कारण त्याच्या घरी ही गोष्ट अजून बोलली जाते. हे सगळं ‘आय थिंक’ आणि ‘बिकॉज’नं सुरू करायला लावा. वाक्यं तुटतील, मधे मराठी घुसेल, चालेल. पाठ करून न आलेलं मत इंग्रजीत पहिल्यांदाच मांडलं जातंय.

मोठ्या मुलांसाठी पुढचा प्रश्नही तयार आहे. २०१८ चा प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ तुम्ही बघितलाच असेल. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत शिरतो. तो हिरो की व्हिलन? त्या सिनेमातल्या डायलॉगचे रील्स सगळ्यांनी टाकले. पण गोष्टीची सुरुवात जमिनीच्या सौद्यापाशी होते, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

एकाच तालुक्यातल्या दोन भाषा

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पौडकडे जाताना एक गोष्ट लक्षात घ्या. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. लवळ्यातल्या सिम्बायोसिस आणि फ्लेमही इथल्याच. पौडच्या पुढं खुबवलीजवळच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथं कितीतरी देशांतली मुलं शिकायला येतात. म्हणजे या तालुक्यात दिवसरात्र इंग्रजी बोललं जातं. फक्त ते गेटच्या आत असतं. गेटच्या बाहेर उभं राहून ‘साइन हिअर’ वाचता येणं आणि आत बसून करारातल्या अटींवर प्रश्न विचारता येणं, यात पिढीचं अंतर पडतं.

सावित्रीबाई फुल्यांना हे फार आधी कळलं होतं. १८५४ च्या ‘काव्यफुले’त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता लिहिलीय. त्यांना इंग्रजी मिरवायचं नव्हतं, ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं त्यांना बोलतं करायचं होतं. सात दिवसांत तुम्ही कुणाला फाडफाड इंग्रजी शिकवू शकणार नाही, त्या भ्रमात जाऊ नका. पण या भाषेत आपलंही काहीतरी सांगता येतं, एवढं एका मुलीला वाटलं, तरी पुढच्या वर्षीच्या ‘माय बेस्ट फ्रेंड’मध्ये ती गाइड बंद करेल.

सात दिवस, रोज दीड तास

*दिवस १ :* सगळ्यांचा मिळून एक हिरो. फक्त ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. शब्दांचे कागद घेऊन पळापळी.

*दिवस २ :* चार-चारचे गट, प्रत्येकाचा आपला हिरो. एकच अट, तो या गावातच राहतो. चित्र, नाव, ताकद, कमजोरी.

*दिवस ३ :* नाव सुचत नसेल, गोष्ट अडली असेल तर चिठ्ठ्यांचा खेळ. इटालियन बाललेखक जियानी रोदारींनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली युक्ती : एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द उचला आणि त्यांची गाठ घाला. इरलं आणि मोबाइल टॉवर. खेकडा आणि एसटी. मग ‘वन डे...’ने सुरुवात.

*दिवस ४ :* व्हिलन. आधी नियम, मग ‘वॉन्ट्‌स... बिकॉज...’

*दिवस ५ :* मुलाखत. एक जण व्हिलन, बाकीचे पत्रकार. ‘व्हाय’ आणि ‘हाऊ’नं सुरू होणारे प्रश्नच चालतील. लाजरं पोरगं इथं हमखास खुलतं, अंदाज चुकला तर मला सांगा.

*दिवस ६ :* एका कागदाच्या चार घड्या, चार चौकटींची कॉमिक. फुग्यात जास्तीत जास्त सहा शब्द. धप्प, फाडकन, खळ्ळ असे आवाज मराठीतच ठेवा, जास्त जोरात लागतात.

*दिवस ७ :* दोरी बांधून कॉमिक टांगा, कपडे वाळत घालतात तशी. गावाला बोलवा. ज्याची गोष्ट, त्यानंच आईवडिलांना आधी इंग्रजीत वाचून दाखवायची, मग मराठीत समजावून सांगायची.

सामान म्हणाल तर कोरे कागद, स्केचपेन, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. प्रोजेक्टर लागत नाही, लाइट गेली तरी तास चालतो. आणि हो, तुमचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असेल तर हा कार्यक्रम तुमच्यासाठी जास्त चांगला आहे. पोरांना कळू द्या की दादालाही ‘शेकरू’ला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावं लागतं. डिक्शनरी मधे ठेवून बरोबर शोधा.

निघताना कॉमिकचे फोटो खुशाल काढा, पण मूळ कागद शाळेतच ठेवा. ते त्यांचं आहे. पुढच्या वर्षीची बॅच तिथूनच पुढं गोष्ट चालवेल, कारण सातव्या दिवशी व्हिलन कधीच पुरता मरत नाही. तात्या विंचूला विचारा!